सगळ्यांनी संपवलेला गेम

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बसस्टँडसमोर बालाजीनं फ्लेक्स लावला, त्या सकाळी दीपाली दुधाची पिशवी घेऊन तिथून चालली होती. फ्लेक्सवर स्वतःचं तोंड एवढं मोठं झालेलं बघून ती जागीच थबकली. तोंड गोरं केलेलं होतं. गालांवर गुलाबी रंग मारला होता. तिच्या दुप्पट आकाराचा फोटो पंचायत समितीच्या माजी सभापतींचा, हात जोडलेला. खाली शुभेच्छुकांची गोल गोल मुंडकी, आणि मधोमध मजकूर: 'वाशीची कन्या जगाच्या बाजारात! गुढीपाडव्याच्या शुभमुहूर्तावर वाघूर या गेमचे भव्य लोकार्पण.' लोकार्पण म्हणे. जसं काही तिनं सार्वजनिक शौचालयच बांधलं होतं.

बालाजी तिचा चुलतभाऊ. फ्लेक्स छापायचं दुकान त्याचंच. वाढदिवस, नेमणूक, दहावा, तेरावा, त्याच्या मशीनला कशाचंच वावडं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही गोष्ट होण्याआधी तिचं अभिनंदन छापून मोकळा व्हायचा. त्यानं मुहूर्त काढला, सभापतींना विचारलं, मांडव सांगितला आणि मग दीपालीला कळवलं. गेम तयार आहे का, हे विचारायचं त्याच्या डोक्यात आलंच नाही. बहिणीनं तीन वर्षं घासली म्हणजे तयार असणारच की.

दीपाली ही गोरोबा आणि हरणाबाईची थोरली. घरात मेंढरं, आजही आहेत. धाराशिवला डिप्लोमा करून ती पुण्याला एका गेमच्या कंपनीत लागली होती. तिथं तिचं काम काय, तर नाणी रंगवायची. पत्त्यांच्या जुगारात माणूस जिंकला की पडद्यावर सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पडतो ना, ती नाणी. हरला की पडतो तो उदास चेहरासुद्धा तिनंच काढला होता. त्या चेहऱ्याचं ऑफिसात फार कौतुक झालं, त्यामुळं लोक पुन्हा डाव लावतात म्हणे. त्या कौतुकाच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली. वाशीत येऊन एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर एमएससीआयटीचा क्लास काढला, आणि क्लास सुटला की स्वतःचा गेम करत बसू लागली.

वाघूर म्हणजे मुक्कामाला मेंढरं कोंडायचं जाळं. गेममध्ये एका बाईनं आपला कळप घेऊन चारणीला निघायचं, रस्ते, नदी, पिकं, कुत्री, ट्रक या सगळ्यांतून पार व्हायचं, आणि मिरगाच्या पावसाच्या आत घरी परत यायचं. ती बाई हरणाबाईच होती. चालणं तिचं, डोक्यावरचा पदर तिचा, काठी धरायची तऱ्हा तिची. हे दीपालीनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता हा गेम मोबाइलच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात ठेवायचा होता. त्या दुकानाची रीत निर्दयी आहे. नवा गेम आला की थोडे दिवस ते त्याला पुढच्या फळीवर मांडतं. लोकांनी घेतला, खेळला, ठेवला तर बरं. लोकांनी उघडून पाच मिनिटांत काढून टाकला, तर दुकान तो गेम मागं ढकलतं आणि तिथं तो कुजतो. मग तुम्ही त्याला कितीही सोन्यानं मढवा, पुन्हा कुणी बघत नाही. सुरुवात एकदाच मिळते. म्हणून कधी ठेवायचा हा एकच प्रश्न दीपालीला रात्रंदिवस खात होता. स्वतः खेळून खेळून तिला त्या गेमची इतकी शिसारी आली होती, की चांगलं काय आणि वाईट काय हे तिचं तिला दिसेनासं झालं होतं.

दुकानाची आणखी एक अट होती. आधी ठरावीक माणसांनी काही दिवस गेम वापरून बघायचा, त्याशिवाय दार उघडत नाही. माणसं कुठून आणायची? बालाजीनं लगेच 'वाघूर परिवार' नावाचा ग्रुप काढला आणि त्यात चुलते, मामा, मेव्हणे, क्लासची पोरं असा सगळा गोतावळा कोंबला. एक माणूस कमी पडला, तेव्हा त्यानं क्लाससमोरच्या पार्लरवाल्या शिवरंजनीला घातलं.

शिवरंजनीचं आणि दीपालीचं दिवाळीपासून बोलणं बंद होतं. बाई उमरग्याकडची, लग्न होऊन वाशीत आलेली, जिभेला हाड नाही. पार्लर झाडलं की कापलेल्या केसांचे पुंजके वाऱ्यानं उडत सरळ क्लासच्या उंबऱ्यावर यायचे. एकदा तर ते दीपालीच्या डब्यात निघाले. तेव्हापासून त्या बाईची सावलीसुद्धा दीपालीला नको होती.

ग्रुपवर मात्र अभिप्रायांचा पूर आला. 'एकच नंबर.' 'पूर्ण खेळलो, शेवट तर लई भारी.' 'आमच्या दीपूताईचा अभिमान.' मधेच कुणीतरी पेढ्याचं चित्र टाकायचं. हरणाबाईनं तर जेवताना सांगितलं, "शेवटाला मेंढरं घरला आली बघ, तवा माझ्या डोळ्यातनं पाणीच आलं." दीपाली हरखली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की झालं असेल बाबा खरंच.

दोन दिवसांनी क्लासच्या दारात शिवरंजनी येऊन उभी राहिली. हातात मोबाइल, कपाळावर आठ्या.

"काय करलालीस गं तू? त्या नदीत तीन दिवस मेंढरं बुडवलालेय मी. पलीकडं जायला वाटच न्हाय. डोकं फिरलं माझं."

"नदी उतरायचे दगड दिसत न्हाईत का?" दीपालीनं नाइलाजानं तोंड उघडलं.

"कुठले दगड? ये, दाव मला. आणि ट्रकखाली एक मेंढरू मेलं की पार पयल्या गावापासनं चालवायला लावतंय, ते कशाला? पैसे देऊन सुदिक कुणी खेळायचं न्हाय."

दीपालीनं तिचा मोबाइल घेतला आणि बघितलं. नदीत दगड नव्हते. चाचणीला चढवताना तिनं चुकून जुनी प्रत चढवली होती, दगड मांडायच्या आधीची. म्हणजे त्या प्रतीत नदीच्या पलीकडं जाणं कुणालाच, अगदी देवालाही, शक्य नव्हतं. आणि शेवट नदीच्या पलीकडं होता.

शिवरंजनी गेल्यावर तिनं ग्रुप पुन्हा उघडला. 'पूर्ण खेळलो.' 'शेवट लई भारी.' तेच शब्द, तेच हात जोडलेले, तेच फुलांचे गुच्छ. एकही जण शेवटापर्यंत खेळलेला नव्हता. काहींनी तर उघडलासुद्धा नसेल. तिच्या अंगावर शहारा आला, झुरळ चाललं की येतो तसा. घरची म्हणून ज्या माणसांना शिव्याही घालता येत नव्हत्या, त्याच माणसांनी तिला गोड बोलून विहिरीच्या काठावर आणून ठेवलं होतं. खरं बोलली ती एकटी केसवाली. त्याचाही दीपालीला राग आला. उपकार व्हायचे तर जरा बऱ्या माणसाकडून तरी व्हावेत.

दगड असलेली प्रत हुडकून तपासायला एक दुपार पुरली. पण आता तिला कळून चुकलं होतं, की नदीपलीकडचा गेम तिच्याशिवाय पृथ्वीवर कुणीच खेळलेला नाही. ती बालाजीच्या दुकानात गेली.

"दादा, पाडव्याला नगं. गेम तयार न्हाय."

"असं कसं? समद्यांनी खेळलाय की."

"कुणीच खेळला न्हाय. नदीच्या पुढं जाताच येत नव्हतं."

बालाजी मशीनमधून निघणारा कुणाच्या तरी साठीचा फ्लेक्स सरळ करत राहिला. "मंग नंतर कर की दुरुस्त. दीपे, आपल्याकडं रस्त्याचं उद्घाटन आधी हुतं, डांबर मागनं येतं. सभापतींची तारीख परत मिळायची न्हाय."

"आन तू? तू खेळलास का?"

"म्या खेळलो तर," बालाजी म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला. "लई भारी हाय शेवट."

दीपाली पायऱ्या उतरली. भांडण करायचीसुद्धा तिला घाण वाटली. क्लासवर येऊन तिनं लॅपटॉप उघडला आणि त्या ऑनलाइन दुकानाच्या पानासारखं एक खोटं पान बनवलं. त्यावर मोठं हिरवं बटण. दाबलं की झेंडूची फुलं पडायची आणि 'अभिनंदन' असं यायचं. असल्या फुलांच्या पावसाचा तिला पुण्यातला भरपूर सराव होता.

पाडव्याला मांडव भरला. सभापती तासभर उशिरा आले. त्यांच्या गळ्यात शाल, गाठीचा हार आणि वर फुलांचा हार असं एवढं काही पडलं, की त्यांना खाली बघता येईना. भाषणात ते म्हणाले, की आपल्या मातीतल्या लेकीनं कॉम्प्युटरला मेंढरं राखायला लावली, आणि हा गेम मी सहकुटुंब खेळलो आहे. टाळ्या पडल्या. दीपालीनं ते खोटं पान पडद्यावर आणलं. मग त्यांनी बोटानं बटण दाबलं, पडद्यावर झेंडू पडला, बाहेर कुणीतरी तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लावली, आणि 'वाघूर' जगाच्या बाजारात गेला असं सगळे धरून चालले.

नंतर बालाजीनं लिंक मागितली. "नाव टाकून हुडका, सापडंल," ती म्हणाली. कुणीही शोधलं नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. ग्रुपवर मात्र 'आपला गेम जोरात चाललाय' असं येतच राहिलं. मेव्हण्यानं परदेशातला त्याचा मित्र खेळतो असंही कळवलं. दीपाली ते वाचायची आणि मोबाइल पालथा ठेवायची. पहिले काही दिवस तिला आत कुठंतरी गार वाटलं होतं. पुढं तेही गेलं. आता तीही त्यांच्यातलीच झाली होती, खोटं बटण तर तिनंच बनवलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी हरणाबाई शेजारणीला घेऊन क्लासवर टेकायला आली. पाणी पिऊन झाल्यावर शेजारणीला सांगू लागली, की लेकीचा गेम आता लांब लांबच्या देशात खेळत्यात, मी पण रोज खेळते. दीपाली खिडकीतून बाहेर बघत राहिली. तेवढ्यात शिवरंजनी आत आली.

"अगं, दुकानात कुठं हाय तुझं ते? हुडकून हुडकून डोळं फुटलं माझं."

हरणाबाईनं तिला झटकलं. "असं कसं? असंल की. म्या कालच खेळले."

नेटवर्कचं कारण सांगून दीपालीला सुटता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते.

"न्हाय आई," ती म्हणाली. "गेम दुकानात गेलेलाच न्हाय. सभापतींनी दाबलं ते बटण खोटं हुतं. म्याच केलं हुतं."

शेजारीण एकदम उठून पिशव्या आवरायला लागली. गावभर सांगायला निघालीच ती. हरणाबाई जागची हलली नाही. शिवरंजनीनं मात्र खुर्ची ओढली. "बरं केलंस. अर्धं कच्चं कशाला वाढायचं लोकांला? दगड मांडलेस का? पलीकडं काय हाय?"

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पलीकडं काय आहे हे विचारलं होतं. दीपालीनं नवी प्रत काढून तिच्या हातात दिली. शिवरंजनी खेळायला लागली आणि लागलीच कुरकुरायला लागली.

हरणाबाईनं शेजारीण पायऱ्या उतरेपर्यंत वाट बघितली. मग हळूच म्हणाली, "म्या न्हाय खेळले गं. मला ते उघडतच न्हाय. तुजं नाव खाली पडू नये म्हणून बोलले."

"ठावं हाय मला," दीपाली म्हणाली. तिला वाटलं होतं आईचाही राग येईल. आला नाही. तिनं दुसरा मोबाइल काढला, गेम सुरू करून आईच्या हातात दिला आणि शेजारी बसली. "आता खेळ. आन काय वाईट वाटलं तर वाईटच म्हण."

पडद्यावर बाई उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात काठी, मागं कळप. हरणाबाई तिच्याकडं निरखून बघत राहिली. बोट वर धरलेलं, पण ते काही टेकेना. कळप तसाच उभा, बाई तशीच उभी.

"चालव की आई."

"कसं चालवू? समोर ही एवढी पाटी आलीया, हलतच न्हाय ती." हरणाबाईनं मोबाइल लेकीकडं वळवला. काठी कशी धरायची, कळप कसा हाकायचा, हे दीपालीनं तिथं दहा ओळींत नीट लिहून ठेवलं होतं, आणि ते वाचून झाल्यावर खाली बोट ठेवायचं होतं. "काय लिवलंय गं? मला कुठं वाचाय येतंय."

दीपालीनं मोबाइल परत घेतला. तिला आईकडं बघवेना. मग तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि ती पाटी तिथंच, आईसमोर, पुसायला घेतली.