पिवळ्या चिठ्ठीवरची डॉक्टरेट

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी डॉक्टरेटला नाव घातलं. नोकरी करता करता बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधली डॉक्टरेट करायची, आपल्याच कामातला अडलेला प्रश्न घ्यायचा आणि तो नीट अभ्यासून सोडवायचा, असा तो कोर्स होता. खारघरच्या कॉलेजात प्रवेश पक्का झाल्याचा मेल आला तेव्हा मी ऑफिसात होते. मी दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसल्या बसल्या दोन गिरक्या मारल्या. तिसऱ्या गिरकीला खुर्चीचं चाक निघालं.

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डाचं कामकाज मी बघते. बंदरातून आलेले कंटेनर आमच्याकडे उतरतात आणि ज्याचा माल त्याचा ट्रक येऊन ते घेऊन जातो. दुखणं एकच होतं, आमच्या गेटबाहेर लागणारी ट्रकची रांग. सकाळी अकराला ती शेवटच्या टपरीच्याही पुढे जायची. रांग का लागते, हाच माझा विषय.

प्रस्ताव मी इतक्या उत्साहात लिहिला की त्याचं इंग्रजी शीर्षक अडीच ओळींचं झालं. माझे मार्गदर्शक माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबून पाणी प्यायले.

"मॅडम, शीर्षकालाच धाप लागली. रांग का लागते, एवढंच लिहा ना."

"पण ते फार साधं वाटतं, सर."

"मग उत्तर भारी काढा."

उत्तर माझ्याकडे तयारच होतं. बंदराचा उशीर, रस्त्यांची कामं, कागदपत्रांचा घोळ अशी सगळी कारणं मी ओळीनं मांडली होती, त्यात आमच्या यार्डाचं एकही नव्हतं. बेलापूरला घरी आल्यावर मी ते कौतुकानं वडिलांना वाचून दाखवलं. ते मूळचे साताऱ्याकडचे, सगळी हयात वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून पोती उचलण्यात गेली. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं.

"गाडीवाल्याला ईचारलंस का?"

"अजून नाही."

"मग हे कुनाला ईचारून लिवलं?"

मी कागद मिटले. नवरा स्वयंपाकघरात कुकर लावत होता, तो तिथूनच हसला.

त्या शनिवारी मी रांगेतल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये चढले. चढले म्हणजे काय, ड्रायव्हरनं वरून हात ओढला आणि क्लीनरनं खालून "मॅडम, पाय इथे, पाय इथे" असा ओरडा केला. वर बसल्यावर मात्र मला लहान मुलीसारखं झालं. इतकी वर्षं त्या यार्डात काढली, पण ते इतक्या उंचावरून कधी पाहिलंच नव्हतं. पलीकडे खाडी चमकत होती, रंगीत कंटेनर एकावर एक रचलेले होते. ड्रायव्हरला म्हटलं, हॉर्न वाजवू का? तो म्हणाला, वाजवा की. मी वाजवला. पुढचे तीन ड्रायव्हर खाली उतरून मागे बघायला लागले.

गेटशी आल्यावर आमच्या ड्रायव्हरनं ट्रक फाटकापुढेच उभा केला, इंजिन बंद केलं आणि चालत निघाला.

"कुठे चाललात?"

"चिठ्ठीवर शिक्का मारायला. तुमच्या ऑफिसात."

मीही त्याच्या मागोमाग निघाले. गेटवर पिवळी चिठ्ठी मिळायची. ती घेऊन यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसात जायचं, शिक्का मारणारा जागेवर नसला तर थांबायचं, शिक्का घेऊन परत यायचं, मग फाटक उघडायचं. उन्हातून जाऊन यायला आम्हाला अर्धा तास लागला. परत आलो तेव्हा माझी ओढणी घामानं भिजली होती आणि डोक्यात काहीतरी लुकलुकायला लागलं होतं.

गेटवरचे काका जासईचेच, यार्ड सुरू झालं तेव्हापासून तिथे. त्यांना विचारलं, "काका, या चिठ्ठीचं पुढे काय होतं?"

"काय नाय. जमा करायच्या नि गोनीत भरून ठेवायच्या."

"वाचतं कोण?"

"कोनीच नाय. आता सगला कॉम्प्युटरमंदीच हाय ना!" त्यांनी केबिनचं मागचं दार उघडून दाखवलं. आत छताला टेकतील अशा गोण्या. त्यातल्या एकीवर बसून काका रोज डबा खात होते.

मग ते जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, ही चिठ्ठी तुमीच चालू केली होती."

हो, मीच. आठ वर्षांपूर्वी एक कंटेनर चुकून भलत्याच ट्रकवर चढला होता. तेव्हा मी ही पिवळी चिठ्ठी काढली, तिच्यासाठी वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. पुढे कॉम्प्युटर आला, कंटेनरचा नंबर गेटवरच जुळायला लागला, पण चिठ्ठी बंद करायचं मला सुचलंच नाही.

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला हसू फुटलं, आणि ते थांबेना. मी काकांच्या गोणीवर बसून पोट धरून हसले. काकांनी घाबरून पाणी आणलं. मी तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, गुन्हेगार सापडला!"

"कोण?"

"मी!"

पलीकडे ते इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "मॅडम, हे प्रबंधात लिहायची तयारी आहे?"

तयारी होती म्हणणं खोटं ठरेल. वरिष्ठांना सांगायला मला आठवडा लागला. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पंधरा दिवस बंद करून बघा. काही चुकलं तर पुन्हा चालू."

पहिल्या सकाळी मी स्वतः गेटवर उभी राहिले. पहिला ड्रायव्हर आला, कागद दाखवले, हात पुढे केला.

"चिठ्ठी?"

"नाही."

"मग?"

"जा आत."

"शिक्का?"

"नाही. जा."

तो जाईना. त्याला वाटलं, आपल्याला कशात तरी अडकवताहेत. शेवटी काकाच ओरडले, "अरे जा ना, मॅडम सांगतान ना!" ट्रक आत गेला आणि मी फाटकाशी टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवस संपले तेव्हा अकरा वाजताही रांग गेटच्या जवळच संपत होती, आणि एकही कंटेनर भलत्या ट्रकवर गेला नव्हता. टपरीवाला तेवढा माझ्यावर नाराज झाला.

मोजमाप, प्रकरणं, संदर्भांची यादी, पुन्हा पुन्हा दुरुस्त्या, या सगळ्यात तीन वर्षं गेली. शेवटची तोंडी परीक्षा खुली होती, म्हणून नवरा आणि वडील मागच्या रांगेत येऊन बसले. वडिलांनी कडक इस्त्रीची टोपी घातली होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्म्यावरून बघायच्या आणि प्रत्येक प्रश्न सावकाश विचारायच्या.

"तुम्हीच संशोधक आणि चूकही तुमचीच. तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

मी म्हटलं, "ठेवू नका, मॅडम. म्हणूनच वेळा मी मोजल्या नाहीत, गेटच्या कॅमेऱ्यावरून घेतल्या. कॅमेऱ्याला मी आवडते की नाही, मला माहीत नाही."

बाई हसल्या. सगळा हॉल हसला. इंग्रजी न कळणारे वडीलही सगळ्यांबरोबर हसले आणि त्या हशातच मोठ्यानं म्हणाले, "पास का नापास?"

नियमाप्रमाणे आम्हाला आधी बाहेर थांबवून मग निकाल सांगायचा होता. बाईंनी मार्गदर्शकांकडे पाहिलं, दोघांची नजरानजर झाली, आणि त्या मराठीत म्हणाल्या, "पास हो, बाबा."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी मार्गदर्शकांच्या पाया पडायला वाकले, ते माझ्या पाया पडायला वाकले आणि आमची डोकी आपटली. बाहेर पडून आम्ही घरचे तिघं मेट्रोत बसलो. मी प्रत्येक प्रश्न, प्रत्येक उत्तर, बाईंचा चष्मा, सगळं हातवारे करून सांगत होते. शेवटचं स्टेशन आलं. उतरून बघतो तर पेंधर! जायचं होतं बेलापूरला आणि आलो होतो बरोबर उलट्या टोकाला. व्यवस्थापनातली नवी डॉक्टर, नवरा आणि वडील, तिघांपैकी एकालाही वाटेत काही कळलं नव्हतं. फलाटावर उभं राहून आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

"आलोच हाय तर खाऊ कायतरी," वडील म्हणाले.

स्टेशनखाली वडापावची गाडी होती, गर्दी बरीच. वडील लोकांमधून वाट काढत पुढे गेले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "ह्या बाईला आदी द्या. आज पास झालीया."

लोक खरंच बाजूला झाले. मी इरकली साडीचा पदर खोचला आणि दोन वडापाव खाल्ले.