न चिडणारा आवाज

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेत पहिलीच्या पोरांनासुद्धा माहीत आहे. खानदेशात नरडाण्याजवळच्या एका गावात मी सहावी-सातवीला मराठी शिकवतो आणि माझा आवाज चार वर्ग ओलांडून खिचडी शिजते तिथपर्यंत जातो. खिचडी शिजवणाऱ्या अक्का म्हणतात, "सर, तुम्हनी कविता माले बी पाठ व्हई गयी." पण माझ्या वर्गात कुणी चांगलं वाचलं की मी जरा जास्तच विरघळतो.

तशी एक मुलगी होती. प्रकट वाचनात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं नेमकं. संवाद आला की कोण बोलतंय ते आवाजावरूनच कळायचं. शाळेत कुणी साहेब आले की मी तिलाच उभं करायचो आणि बाजूला उभा राहून असा हसायचो, जणू हे सगळं मीच घडवलंय. लिहिण्यात मात्र आनंदीआनंद होता. गिचमिड अक्षर, अर्धे शब्द गायब. मी लाल पेनाने 'घाई करू नको' असा शेरा मारायचो. तो शेराही तिला वाचता येत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा पाठ्यपुस्तक चार भागांत यायचं, प्रत्येक भागात सगळे विषय. भाग दोन नुकताच सुरू झाला होता. ती धडा वाचत होती आणि मी बाकांमधून फिरत, खुशीत, तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिच्या हातात भाग एक होता. पान गणिताचं. अपूर्णांकांची अर्धी-पाव रंगवलेली वर्तुळं. त्या वर्तुळांवरून बोट फिरवत ती भाग दोनमधला मराठीचा धडा न अडखळता वाचत होती.

मला वाटलं, ही माझी टिंगल करतेय. डोकंच फिरलं. "बोट जिथे ठेवलंयस ते वाच!" तिचं बोट वर्तुळावरच थांबलं. "वाच म्हणतो ना!" वर्ग हसला. "दोन वर्षं मला उल्लू बनवलंस तू," मी सगळ्यांदेखत म्हणालो. ती रडली नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. वडील एमआयडीसीत ड्युटीवर होते. आई नुकतीच कापूस वेचून आली होती, साडीला अजून काडीकचरा चिकटलेला. तिनं मला पाणी दिलं आणि खाली मान घालून सांगितलं, "सर, तिले बठ्ठं पाठ शे, पन वाचता येत नही. मोठी पोर रोज तिनी येनी घालस नि धडा वाची दाखाडस. दोनदा आयकं का तिले पाठ व्हई जास. आते ती म्हनस, मी शायमा जात नही."

दोनदा ऐकून अख्खा धडा पाठ! मला चार ओळींचं आभाराचं भाषण कागदाशिवाय जमत नाही. अशा पोरीला मी लबाड म्हटलं होतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, त्यामागे ती आहे हे मला दिसत होतं, पण त्या दिवशी मी पाणी पिऊन तसाच परत आलो.

पंचायत समितीकडून आमच्याकडे विशेष शिक्षिका फिरतीवर येतात. त्या आल्या तेव्हा मी हे सगळं त्यांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "सर, पोर हुशार आहे. अक्षरं तिच्यापुढे स्थिर राहत नाहीत, एवढंच." शाळेच्या टॅबवर त्यांनी एक अॅप टाकून दिलं. पानाचा फोटो काढला की ते वाचून दाखवतं. जो शब्द वाचतंय तो पिवळा होतो. वेग कमी करता येतो, अक्षर मोठं करता येतं. आपण बोललो तर लिहूनही देतं.

"मग मी कशाला?" मी फणकारलो.

"तुम्ही आधी तिला शाळेत आणा," त्या शांतपणे म्हणाल्या.

टॅब घेऊन मी परत तिच्या घरी गेलो. ती पुन्हा दाराआड. मी दाराला उद्देशून म्हणालो, "माझं चुकलं." हे दोन शब्द मी शाळेत कधी उच्चारले नव्हते. घरीही नाहीत, बायको साक्षीला आहे. दार हललं नाही. मग मी खाटेवर टॅब ठेवला, तिच्या बहिणीनं अजून वाचून न दाखवलेल्या एका धड्याचं पान त्यात घेतलं आणि आवाज सुरू केला. कुणा बाईचा आवाज, थोडा सपाट, पण गोड.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि खाटेच्या कडेला टेकली. पिवळा शब्द पुढे सरकताना बघत राहिली. मग तिनं एका वाक्यावर बोट टेकवलं. आवाजानं ते वाक्य पुन्हा वाचलं. तिनं पुन्हा टेकवलं. पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी सवयीनं माझं तोंड उघडलं, "अगं, किती वेळा..." आणि मी पुढचं गिळलं. तो आवाज मात्र पहिल्या वेळेइतक्याच मऊपणे तेच वाक्य वाचत होता.

तिनं बोट उचललं. माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, हाई बाई चिडत नही का?"

"नाही," मी म्हणालो. दोन वर्षांत तिनं मला एकदाही 'सर, परत सांगा' म्हटलं नव्हतं. मी समजत होतो, हिला सगळं कळतंय.

सोमवारी ती आली. कानात इअरफोन घालून बसायची, बाकीची पोरं हेव्यानं बघायची. तिनं बोलून लिहिलेला पहिला निबंध दीड पान भरला. त्यात वेणी घालणाऱ्या ताईच्या हातांना येणाऱ्या तेलाच्या वासावर चार ओळी होत्या. त्या वाचताना मी लाल पेनाचं टोपण काढलं नाही.

पण माझ्याशी तिचं 'हो सर', 'नाही सर' एवढंच. अडलं की टॅब, समजलं नाही की टॅब. एवढा पन्नाशीचा मास्तर, पण खरं सांगतो, मी त्या टॅबवर जळायचो. तिचं भलं होतंय हे दिसत होतं, तरी ती मला काही विचारत नाही याचं दुःख जात नव्हतं. आणि ते मीच ओढवून घेतलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

संक्रांत होऊन गेली होती. एका शनिवारी शेवटच्या तासाला मी सगळ्यांना गोष्टींची पुस्तकं वाटली होती. टॅब दुसऱ्या वर्गात गेला होता. तो येईपर्यंत ती थांबू शकली असती, किंवा पुस्तक घरी नेऊन ताईला वाचायला लावू शकली असती. ती उठली आणि माझ्या टेबलापाशी आली. पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"सर, ही ओळ वाचा ना."

मी वाचली.

"परत."

मी परत वाचली.

"हळू वाचा, सर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी हळू वाच म्हणून सांगितलं नव्हतं. मी हळू वाचलं, एकेका शब्दाखाली बोट धरून. ती आणखी दोनदा परत म्हणाली, मी आणखी दोनदा वाचलं. मग तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.

ती वाचू लागली. पहिल्याच शब्दाला अडली; पाठ म्हणत असती तर अडली नसती. मागे गेली, पुन्हा आली. एक शब्द चुकला, तो तिचा तिनंच दुरुस्त केला. शब्द माझ्या अगदी जिभेवर येत होते. मी दातांत जीभ धरून बसलो. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरं ओरडत बाहेर पळाली, तरी ती हलली नाही. ओळ संपली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती, तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं.