सुरमईचं पान

श्रीवर्धनच्या ज्या खानावळीत मी वाढपी आहे, तिथे एक तरुण महिनाभर रोज जेवायला यायचा. नोकरी वेबसाइट बनवण्याची, आणि उरलेल्या वेळात स्वतःचे छोटे प्रयोग. इंटरनेटवर भरती-ओहोटी दाखवणारं पान, नारळ मोजणारं पान. एकही पुरं नाही. विचारलं की चष्मा वर सारून म्हणायचा, "साइड प्रोजेक्ट आहे रे." मी आठवी अर्धी सोडली, तर लातूरकडचं माझं गाव अजून हिणवतं. याचं मात्र अर्धवट ते सगळं प्रोजेक्ट!

एकदा त्याने मालकांना हौसेने पान करून दिलं. गिऱ्हाइकाने टेबलावरूनच मोबाइलवर थाळी निवडायची. मालक हसत म्हणाले, "मंग वाढप्याला काम काय ऱ्हायलं?" त्या दिवशी मी न सांगता सगळी टेबलं दोनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी पानावर नऊ सुरमई थाळ्या मागितल्या गेल्या. होडीत आले होते बांगडे. होडी लागल्याशिवाय आमची थाळी ठरत नाही, हे त्या हुशार माणसाला महिनाभर जेवूनही कळलं नव्हतं. गिऱ्हाइकं तणतणली. मीच टेबलाटेबलापाशी जाऊन बांगड्याची तारीफ केली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं.

मालक त्याच्यावर डाफरले, "न्हाय चालायचं तुजं ह्ये!"

त्याने चष्मा वर सारला. "काका, एवढंच राहिलंय. कुठला मासा आलाय ते रोज कोणीतरी पानाला सांगायला हवं." आणि माझ्याकडे बघितलं.

तो कधीच निघून गेला. मी रोज सकाळी बंदरावरून पानावर मासा टाकतो. त्याचे उपकार मी मानतोच. पण त्याच्या सगळ्या प्रयोगांत चालू राहिला तो हा एकच, आणि तो आठवी अर्धी सोडलेला चालवतो.