लेबल न वाचता हलवलेला सिलिंडर

आमच्या कॅरव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, गॅस हीटरचा पंखा फिरतो, ठिणगी पडते, तरी ज्योत का धरत नाही, हा माझा प्रश्न होता. जानेवारीत आम्ही नवराबायको इकडे परदेशात समुद्राकाठी तिच्यात मुक्कामाला होतो. बाहेर पाणी गोठले होते. उन्हाळ्यात हीच कॅरव्हॅन मागून नेलेल्या मित्राला मी फोन केला. बायकोच्या देखत तो स्पीकरवर हसला, "सर, आयुष्यभर विज्ञान शिकवलंत आणि शेगडी पेटेना? वहिनी, तुम्हीच पेटवा!"

घरच्या सवयीने मी सिलिंडर हलवला. आत द्रव डुचमळला, म्हणून गॅस आहे असे मानून मी दोन तास वायरी तपासल्या. शेवटी लेबल वाचले: ब्यूटेन. शून्य अंशाखाली त्या द्रवाचा वायू होत नाही. थंडीत प्रोपेनच लागतो. माझा प्रोपेन संपवून मित्राने हा सिलिंडर न सांगता जोडला होता.

फेब्रुवारीत त्याने पुन्हा कॅरव्हॅन मागितली. मी मुद्दाम त्याचाच ब्यूटेनचा सिलिंडर जोडून दिला. कुडकुडत त्याने फोन केला, "सर, ज्योत धरत नाही."

मी स्पीकर लावून बायकोला जवळ बोलावले. "सिलिंडर हलवून बघ."

"भरलेला आहे हो!"

"मग आता लेबल मोठ्याने वाच."

मला पश्चात्ताप नाही. आपल्या सिलिंडरवरचे लेबल मात्र आपण स्वतः तपासावे, ही विनंती.