अर्धा मिलिमीटर बाहेर

मोशीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत जी लग्नं टिकली ती आपल्या हातच्या लग्नपत्रिकांमुळे टिकली, आणि ज्यांची पुढे भांडणं झाली त्यांनी पत्रिका छापखान्यातून आणल्या होत्या, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. हे मत त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी हसलो. त्यावर त्यांनी लगेच दोन उदाहरणं दिली. दोन्ही आमच्याच नात्यातली होती आणि दुर्दैवाने दोन्ही खरी होती, त्यामुळे मला हसू आवरून चहा प्यावा लागला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे लातूरकडचे. तरुणपणी एक बॅग घेऊन दापोडीला उतरले, रुळांजवळच्या एका खोलीत चौघांबरोबर राहिले आणि पुढे चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात चिकटले, ते स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत तिथेच. आयुष्यभर हा माणूस लोखंडाचे तुकडे मोजून हा पास, हा नापास, एवढंच करत आला. कागदाचा नाद त्यांना नोकरीत असतानाच लागला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असे. त्या दिवशी लोक झोपतात, गाडी धुतात, बायकोशी भांडतात. साडू फरशीवर बैठक मारून कागद कापत. पत्रिका, तोरणं, कागदी फुलं, रुखवतातल्या वस्तू, अक्षतांच्या पुड्या, सगळं हातानं, घरच्या खळीवर, आणि कुणाकडूनही एक पैसा न घेता. त्यांनी पैसे घेतले असते तर फार बरं झालं असतं, असं ज्यांच्या ज्यांच्या घरचं कार्य त्यांनी केलं ते सगळे खासगीत सांगतात. पैसे दिलेल्या माणसाला निदान घाई करा असं म्हणता येतं.

त्यांच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये पंखा आहे, पण तो मी फिरताना फारसा पाहिलेला नाही. दोरीवर, दारांच्या कड्यांवर, देवघराच्या छपरावर कायम काही ना काही वाळत असतं. मे महिन्यातल्या दुपारी मी घाम पुसत बटणाकडे हात नेला की आतून आवाज येतो, "राव, फॅन नका लावू, फुलं वाळायलीत." माझी मेहुणी मुकाट्याने एक पुठ्ठा आणून हातात देते. तो पुठ्ठाही साडूंचाच, कडा तासून गोल केलेला. मला तर वाटतं की त्या घरात माणसांपेक्षा झेंडूला जास्त मान आहे, आणि तोही खऱ्या झेंडूला नाही.

दुसऱ्यांच्या लग्नात त्यांना बरोबर नेणं हे धाडसाचं काम असतं. आपण वधूवरांकडे बघत असतो, ते स्वागताच्या फलकाकडे. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असतेच. भोसरीच्या एका कार्यालयात यजमान हात जोडून "या, या" म्हणत पुढे आले, तर साडूंनी त्यांच्या जोडलेल्या हातांना बगल देऊन मागच्या कमानीला पट्टी लावली आणि मला म्हणाले, "बघा, हा कोपरा नव्वदला नाही. आता सांगा, संसार कसा सरळ चालंल?" यजमान तसेच हात जोडून उभे. मी जेवणाची चौकशी करून वेळ मारून नेली.

अक्षतांच्या पुडीवर तर त्यांनी दोन वर्षं घालवली. हल्ली लोकांच्या एका हातात मोबाइल असतो, म्हणजे पुडी एकाच हाताच्या अंगठ्याने उघडली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. उघडली पाहिजे आणि आपोआप मात्र उघडता कामा नये. या पुडीच्या चाचणीसाठी आम्हा सगळ्यांना एका रविवारी बोलावण्यात आलं. मला वाटलं जेवायला. हॉलमध्ये आम्ही आठ जण डाव्या हातात मोबाइल आणि उजव्या हातात पुडी धरून उभे, आणि भटजी, नवरा, नवरी या तिन्ही भूमिकांत साडू. त्यांनी "सावधान" म्हणून आरोळी ठोकली. माझ्या सासूबाईंची पुडी त्याआधीच उघडली होती. माझ्या बायकोची शेवटपर्यंत उघडली नाही, तिने दाताने फाडली. माझी मी खिशात विसरलो होतो, ती तिथेच फुटली. साडूंनी वही काढून शांतपणे लिहिलं, "खिशात फुटली. कारण, घाम." जेवणाचा विषय कुणी काढला नाही.

आणि रुखवत. एका मुलीचा नवरा मोटारींच्या कारखान्यात होता म्हणून साडूंनी तिच्या रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी अख्खी असेंब्ली लाइन मांडली. कागदी गाड्या, कागदी कामगार, दोरा ओढला की पट्टा सरकायचा. बायका कौतुक करत होत्या तेवढ्यात नवऱ्याचे मित्र आले आणि म्हणाले, काका, रंगाचं काम आधी आणि दारं नंतर असं कसं दाखवलंत? साडूंचा चेहरा पडला. तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली आणि इकडे हे गृहस्थ टेबलावरून कारखाना उतरवून पुन्हा जोडत बसले. लग्न लागलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कागदी दारं होती, त्यामुळे अक्षता त्यांनी टाकल्याच नाहीत.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात जे झालं त्यात मात्र थोडी चूक माझीही होती. कंपनीत खराब निघालेल्या मालाला लाल चिठ्ठी बांधतात आणि तिच्यावर दोष लिहितात. साडू घरीही तेच करत, फक्त चिठ्ठी पत्रिकेच्या आत ठेवत. आमच्यासाठी केलेल्या तीनशे पत्रिकांतल्या चाळीस त्यांनी नापास केल्या, पण फेकल्या नाहीत. अभ्यासाला ठेवल्या. दोन गठ्ठे शेजारी शेजारी होते, मी हाताला लागेल तो उचलला आणि त्यातली एक पत्रिका मुलीच्या मामांना मानाने, कुंकू लावून देऊन आलो. हे मामा भोसरी गावठाणातले जुने, वजनदार गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साडूंच्या दारात. मीही नेमका तिथेच. मामांनी लाल चिठ्ठी समोर धरली. तिच्यावर साडूंच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "नापास."

"पोरगी नापास हाय, का आमी नापास?" मामांनी विचारलं. "येकदाच सांगा. आजून येळ गेली न्हाई."

एक लग्न मोडायच्या बेतात होतं आणि ते मोडल्याचं खापर जन्मभर माझ्यावर फुटणार होतं. साडू मात्र अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी चिठ्ठी उलटून दुसरी बाजू दाखवली. "डावी घडी अर्धा मिलिमीटर बाहेर. म्हणून नापास. बघा की तुम्हीच." मामांनी चष्मा लावला. तेव्हा मला कळलं की मामांनीही कारखान्यांसाठी जमीन गेल्यावर तीस वर्षं एका कारखान्यात लेथवर काढली होती. त्यांनी अंगठ्याचं नख घडीवरून सावकाश फिरवलं, पत्रिका डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाले, "व्हय, बाहेर हाय. पण अर्धा न्हाई. पाऊण हाय." साडूंनी पट्टी काढली. पाऊणच निघाला. पुढे दोन तास ते दोघं खाली बसून घडीबद्दल बोलत होते, आणि मुलीचं नावही त्यात आलं नाही. लग्न थाटात झालं.

इतक्या लोकांची कार्यं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही सगळेच मनातून धास्तावलो. एकुलती एक मुलगी. माण गावाकडच्या एका आयटी कंपनीत कामाला, मुलगा तिच्याच ऑफिसातला. साडूंच्या माळ्यावर तीन खोकी होती. मुलगी दहावीत असल्यापासून त्यांना कुठे उत्तम कागद दिसला की तो त्या खोक्यांत जाई, आणि तो दुसऱ्या कुणाच्या कार्याला कधी निघत नसे. कुणी मागितलाच तर ते म्हणत, "तो हिचा हाय." लग्न ठरल्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी ती खोकी खाली काढली आणि फडक्याने पुसली. मी जेवायला गेलो होतो. मुलगी खोक्यांसमोर बसली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या लग्नात कागद नको."

साडूंनी विचारलं, "छापखान्यातनं आणायचं म्हणतेस?"

"सगळं लॉनवाले करतील. पत्रिका मोबाइलवर पाठवू."

"माझ्या कामात काही दोष हाय का? सांग. मी दुरुस्त करतो."

"कामात दोष नाहीये, पप्पा." तिचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "मावशीच्या लग्नात मी सहावीत होते. जेवताना शेजारचं ताट मी तुमच्यासाठी अडवून ठेवलं होतं. तुम्ही आलाच नाहीत, रुखवताच्या टेबलाखाली होतात. तेव्हापासून कुठल्याच लग्नात तुम्ही आमच्याजवळ बसलेले मला आठवत नाही. माझ्या लग्नात तुम्ही काही करायचं नाही. आईच्या शेजारी बसायचं. एवढंच."

"बसायचं?" साडू म्हणाले. तिने जणू त्यांना उडायला सांगितलं होतं. "किती वेळ?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी एका खोक्यावरून पुन्हा फडकं फिरवलं. मग म्हणाले, "बरं," आणि खोकी परत माळ्यावर चढवली. मला वाईट वाटलं, आणि थोडी शरमही वाटली, कारण मावशीचं लग्न म्हणजे माझंच लग्न. घरी जाऊन मी आमचा अल्बम काढला. सगळा चाळल्यावर साडू एका फोटोत सापडले. टेबलाच्या कापडाखालून बाहेर आलेले त्यांचे दोन पाय होते. इतक्या वर्षांत मला ते कधी दिसले नव्हते.

लग्न इंद्रायणीच्या बाजूच्या एका लॉनवर झालं, दुपारच्या मुहूर्तावर. साडू नवा कोट घालून आले आणि दिलेल्या खुर्चीवर बसले. उभं राहायच्या वेळी सगळ्यांबरोबर उभे राहिले, बसायच्या वेळी बसले. कन्यादान केलं. अक्षता टाकल्या. स्टेजच्या मागे कागदी फुलांची एक भलीमोठी भिंत होती, कारखान्यात बनलेली, एका मापाची. मंगलाष्टकं संपता संपता तिच्यातलं एक पांढरं फूल वरून सुटलं आणि एका पाकळीवर लोंबकळायला लागलं. मी ते पाहिलं आणि लगेच साडूंकडे पाहिलं. त्यांनी ते माझ्याआधीच पाहिलं होतं.

"राव," ते पुढे बघतच म्हणाले, "तिसऱ्या ओळीत डावीकडचं."

"दिसतंय."

"टेपवर चिकटवलंय. टेप उन्हात सुटती."

"मी जाऊन बघू का?"

त्यांनी गुडघे घट्ट धरले होते. कपाळावर घाम आला होता. "नको," म्हणाले. "तुम्ही गेलाव की मीबी उठंन."

ते फूल दोन अडीच तास तसंच लोंबत राहिलं. पाचशे माणसं स्टेजवर जाऊन फोटो काढून आली, प्रत्येक फोटोत ते आलं असणार, पण एकाच माणसाला त्याचा त्रास होत होता. जेवताना मुलीने शेजारचं ताट हाताने धरून ठेवलं. साडू जाऊन त्या ताटावर बसले. तिने त्यांना जिलबीचा घास दिला, त्यांनी तिला दिला. स्टेज समोरच होतं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

पाठवणी पाच वाजता झाली. मुलगी आधी आईच्या गळ्यात पडली, मग त्यांच्या. "पप्पा, आज तुम्ही होतात," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. गाडी रस्त्याला लागून वळेपर्यंत ते हात वर करून उभे होते. मग वळले आणि सरळ स्टेजकडे निघाले.

मंडपवाल्यांनी आवराआवर सुरू केली होती. साडू शिडीवर चढले तसा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, राहू द्या, आता उतरवायचंच आहे ते."

"माहिताय," साडू म्हणाले. "दोन मिनिटं द्या."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून गोंदाची छोटी बाटली काढली. म्हणजे दिवसभर ती त्यांच्या छातीशी होती. त्यांनी फुलाला मागून गोंद लावला, ते नीट सरळ केलं आणि वाळेपर्यंत त्याच्यावर तळहात दाबून धरला. आमच्याकडे त्यांची पाठ होती. दोन मिनिटं झाली, पाच झाली, त्यांनी हात काही काढला नाही. खांदे हलायला लागले तेव्हा मेहुणी पुढे गेली आणि तिने खालून शिडी धरली. मी मंडपवाल्यांना म्हटलं, जरा थांबा. ते थांबले.