मेजर गणित, मायनर मिळेल ते

कारंज्यात माझ्या मागच्या खोलीत कॉलेजच्या पोरी राहतात, बी.एस्सी.ला मेजर गणित घेतलेल्या. रोज संध्याकाळी एक किस्सा घेऊन येतात. कालचा राग उतरायच्या आत आजचा चढतो. मी शाळेची पायरी चढले नाही, वाचायला आपली आपण शिकले. त्यामुळे शिक्षणाची थट्टा मला खपत नाही.

त्यातली एक इंझोरीची वैशाली. बापानं तिला साफ सांगितलं होतं, फर्स्ट क्लास आला तर एम.एस्सी., नाही तर सोयरीक.

*

मेजरसोबत मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, घ्यावाच लागतो. वैशालीनं स्टॅटिस्टिक्स मागितलं. क्लार्क म्हणाला, "त्याले सर नाही."

"मंग कॉम्प्युटर द्या."

"सर हायेत, मशीन बंद हायेत."

"मंग माहितीपत्रकात छापलं कायले?"

"निवडीचं स्वातंत्र्य हाय ना पोरी!"

शेवटी वनस्पतिशास्त्र मिळालं.

*

मशीन बंद, पण गणिताचं कॉम्प्युटरवरचं प्रॅक्टिकल सक्तीचं. मग पोरी कॉम्प्युटरवरचे ग्राफ पेन्सिलीनं काढतात, मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये पाहून. त्या जर्नलवर कोणाच्या तरी डब्यातल्या भाजीचा डाग पडला होता. यंदा सगळ्यांच्या ग्राफवर त्याच जागी एक ठळक बिंदू.

सरांनी सगळ्यांना 'बरोबर' दिलं.

*

पोहरादेवीच्या यात्रेला एसट्या वळवल्या. घरी गेलेली वैशाली तिकडंच अडकली, हजेरी कमी भरली. विभागप्रमुख म्हणाले, पेपरला बसता येणार नाही. मी तडक कॉलेजात गेले.

"सर, पोरगी आली नाही तं तिले पेपरले बसू देत नाही. रिअल अॅनालिसिसचे सर वर्षभर आले नाही, त्यायले पगार कसा देता?"

"आजी, तुम्ही पालक आहात का?"

"नाही, घरमालकीण. पालक असते तं भेऊन गप बसले असते."

हजेरी भरली.

*

इंटर्नशिपशिवाय डिग्री नाही. गणिताची इंटर्नशिप कुठं करायची, हे कोणाला ठाऊक नाही. वैशाली धान्याच्या अडत्याकडे गेली. तो म्हणाला, "कागदावर शिक्का आजच घेऊन जा." ही म्हणाली, "मले काम पाहिजे." त्यानं चहा करायला लावला.

ती रडवेली होऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, "रिपोर्टात 'ऑप्टिमायझेशन' लिही."

*

मग शेवटची प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. फर्स्ट क्लास तिच्यावरच अटकला होता. बाहेरगावचे परीक्षक आले, त्यांना जेवायच्या आधी निघायचं होतं. दार उघडं होतं, तिच्यासोबत आलेली मी बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते.

त्यांनी प्रोजेक्ट उघडलाच नाही. हसत विचारलं, "लग्न झाल्यावर हे गणित कुठे वापरणार?"

वैशाली म्हणाली, "सर, हा प्रश्न कोणत्या युनिटमधला हाय?"

कॉलेजचे विभागप्रमुख इतके घाबरले, की खरंच सिलॅबस उघडून पानं उलटायला लागले.

परीक्षक म्हणाले, "ठीक आहे, नेक्स्ट."

वैशाली हलली नाही. "सर, माह्यं गणित राह्यलं विचारायचं."

"सरासरीनं देऊ मार्क, जा."

वैशालीनं फळ्याजवळचा खडू उचलला. मग दाराशी आली, माझ्याकडे एकदा पाहिलं, अन् माझ्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली.

खाली परीक्षकांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आत फळ्यावर खडू चालत होता.