थांब म्हटलं की थांबणाऱ्या सिस्टर

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या या सिस्टर भेटल्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. दर वेळी पट्टी बदलण्याआधी दुखण्याचं औषध पाजलं की त्या घाई करायच्या नाहीत. "अंगात उतरू द्या, ताई," म्हणत शेजारी टेकायच्या. बोलणं नांदगावकडचं, झोका दिल्यासारखं संथ. मुलीला सांगायच्या, "आपून आता ढगावर बसलो. लय मऊ हाय इथं." मुलीच्या पापण्या जडावायच्या आणि जखमेला चिकटलेली पट्टी सुटावी म्हणून त्या तिच्यावर सलाईनची बारीक धार सोडत राहायच्या.

एकदा पट्टी फारच चिकटली. मुलगी किंचाळली, "थांब!"

मला बघवेना. म्हणाले, "सिस्टर, ओढा पटकन. एकदाचं होऊन जाऊ दे."

त्यांनी दोन्ही हात वर केले. "ती थांब म्हनली ना."

भिजलेल्या पट्टीतून पाणी ठिबकत होतं. मग डोळे मिटूनच मुलगी पुटपुटली, "मी काढू?"

सिस्टरांनी तिचे हात धुतले, पट्टीचं टोक तिच्या चिमटीत दिलं. ती रडत होती, पण स्वतःच्या हाताने, हळूहळू पट्टी सोडवत होती. सिस्टर तिच्याबरोबर श्वास घेत होत्या आणि सोडत होत्या.